फ्लँडर्सच्या जुन्या शहरांत जेवायचं कुठे, कधी आणि काय

दुपारचे पावणेतीन वाजले होते. फ्लँडर्स म्हणजे बेल्जियमचा उत्तरेकडचा, डच बोलणारा भाग. तिथल्या ब्रुज शहराच्या कालव्यातून बोटीची फेरी मारून आम्ही नुकतेच उतरलो होतो आणि आईला कडकडून भूक लागली होती. माझ्या मनात एक ठिकाण पक्कं होतं, बाजारचौकापासून दोन गल्ल्या आत, आठ-दहा टेबलांचं. पोचलो तर दार उघडं, पण खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या आणि मालकीणबाई फरशी पुसत होत्या. "स्वयंपाकघर बंद झालं, आता सहाला या," त्या म्हणाल्या. मग चौकात परतलो आणि सहा भाषांत छापलेलं मेनूकार्ड असलेल्या एका हॉटेलात बसलो. लझान्या मधोमध गार होता आणि पाण्याच्या दोन बाटल्यांचे बारा युरो लागले. बाबांनी विचारलं, "इथली माणसं रोज हेच खातात का गं?"

नाही खात. इथली माणसं दोन तासांपूर्वी, एक गल्ली आत, गरम सूप आणि ताटभर जेवण जेवून कामावर परत गेलेली असतात. मी लूव्हनला शिकायला आले, पुढे कामासाठी गेंटला राहिले, आणि फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सचं, जेवण चांगलं आहे हे कळायला मला बराच वेळ लागला, कारण सुरुवातीचे महिने मी ते चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी शोधत होते. आठ-दहा दिवसांसाठी येणाऱ्यांचा तो वेळ वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली गोष्ट: घड्याळ

जेवणाची वेळ ठरवल्याशिवाय दिवसाचा कार्यक्रम आखू नका. बहुतेक हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ६ ते साडेनऊच्या आसपास चालू असतं. मधल्या वेळात कॉफी, बिअर, वॅफल मिळेल, पण शिजवलेलं जेवण फार थोड्या ठिकाणी. ब्रासरी म्हणजे दिवसभर उघडी असणारी मोठी खाणावळ. तिथे मधल्या वेळेतही काहीतरी मिळतं. त्यामुळे बोटफेरी, घंटाघर, संग्रहालय हे सगळं एक तर ११ च्या आधी उरका किंवा अडीचनंतर ठेवा, आणि साडेबाराला टेबलाशी बसलेले असा.

आठवड्याचं गणितही बघावं लागतं. सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात, काही मंगळवारी किंवा बुधवारीही. रविवारी दुपारी कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर जेवतात, म्हणून जागा मिळत नाही, आणि रविवारी रात्री अनेक ठिकाणी कुलूप असतं. शुक्रवार-शनिवारच्या रात्रीसाठी दोन-तीन दिवस आधी टेबल राखून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये छोटी घरगुती हॉटेलं दोन-तीन आठवड्यांची वार्षिक सुट्टी घेतात आणि दारावर चिठ्ठी लावतात. गेंटमध्ये तर जुलैत २१ तारखेच्या आसपास दहा दिवसांचा शहराचा उत्सव असतो. तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि नेहमीची हॉटेलंही मोजकेच पदार्थ करतात. गाणी-बजावणी बघायला जरूर या, पण निवांत जेवायला तो आठवडा नको.

दुसरी गोष्ट: कुठल्या दारातून आत जायचं

पाटीवर काय लिहिलंय त्यावरून आत काय मिळेल ते बऱ्यापैकी कळतं. फ्रितूर किंवा फ्रीटकोट म्हणजे फ्रीटची, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या लांब फोडींची, टपरी किंवा छोटं दुकान. ब्रोच्येसझाक म्हणजे लांब पावात भरून देणारं दुकान, दुपारच्या स्वस्त जेवणासाठी उत्तम. एटकॅफे म्हणजे जिथे बिअरही मिळते आणि साधं घरगुती जेवणही. माझा जास्तीत जास्त विश्वास यांच्यावर. ब्राउन कॅफे, म्हणजे इथल्या भाषेत 'ब्राउन काफे', हे धुराने आणि काळाने लाकूड काळपट झालेलं जुनं पेयगृह. तिथे चीजचे चौकोनी तुकडे मोहरीसोबत मिळतील, फार तर सूप, पण पूर्ण जेवणाची अपेक्षा करू नका. टीरूममध्ये पॅनकेक, वॅफल आणि दुपारी हलकं काहीतरी.

आता जागा निवडण्याचा माझा नियम. मुख्य चौकाकडे पाठ करा आणि किमान दोन वळणं घ्या. मग खडूने लिहिलेला काळा फळा शोधा. त्यावर डागस्खोटल हा शब्द असला तर थांबा. डाग म्हणजे दिवस, स्खोटल म्हणजे ताट: आजचं ताट. एकच पदार्थ, सकाळी शिजवलेला, बहुतेकदा आधी सूपसकट, साधारण १५ ते २२ युरोंत. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी कोर्टासमोरच्या खाणावळीत वकील आणि कारकून जेवतात ना, तसं इथे ऑफिसातली माणसं या ताटासाठी येतात. फळ्यावर आजचा वार किंवा तारीख असेल तर अधिकच चांगलं. मेनूकार्ड एका पानाचं आणि आधी डचमध्ये लिहिलेलं हवं. पदार्थांचे फोटो, दारात उभं राहून आत बोलावणारा माणूस आणि एकाच स्वयंपाकघरातून पिझ्झा, पाएल्या, शिंपले सगळं देण्याचा दावा, यातलं काहीही दिसलं तर पुढे चला.

तिसरी गोष्ट: दहा-बारा शब्द

वेटर बहुतेक सगळे इंग्रजी बोलतात, आणि छान बोलतात. पण फळा डचमध्ये असतो, म्हणून शब्द पाठ असलेले बरे. 'किप' म्हणजे कोंबडी, 'रुंड' गाय-बैलाचं मांस, 'व्हार्केन' डुक्कर, 'लाम' कोकरू, 'कोनैन' ससा, 'पार्ड' घोडा. व्हिस म्हणजे मासा, खार्नालेन म्हणजे छोटी कोळंबी, मोसेलेन म्हणजे शिंपले. कास म्हणजे चीज, आय म्हणजे अंडं. 'स्पेक' हा शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून शोधायचा. तो म्हणजे डुकराच्या चरबीयुक्त मांसाचे तुकडे, आणि ते अशा ठिकाणी असतात जिथे तुम्हाला शंकाही येणार नाही: बकरीच्या चीजच्या सॅलडवर, कुस्करलेल्या बटाट्याच्या स्टुम्पमध्ये, फरसबीच्या भाजीत. 'झॉन्डर स्पेक' म्हणा, म्हणजे स्पेकशिवाय.

दोन फसवे शब्द वेगळे सांगते. 'अमेरिकेन' किंवा 'प्रेपारे' असं लिहिलेलं असेल तर ते कच्चं, बारीक केलेलं गोमांस असतं, मसाला आणि मेयोनीज कालवून पावाला लावलेलं. बर्गर समजून मागवू नका. आणि टोमॅटो सूपपुढे 'मेट बालेच्येस' असेल तर त्यात खिम्याचे छोटे गोळे असतात. आईच्या वाटीत ते तरंगताना दिसले तेव्हा तिने चमचा तसाच खाली ठेवला. त्या खाणावळीतल्या मुलीने काही न बोलता वाटी उचलली आणि दुसरं, भाजीचं सूप आणून दिलं. मात्र भाजीचं सूपही बऱ्याचदा कोंबडीच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, म्हणून विचारल्याशिवाय शाकाहारी समजू नये.

शाकाहारी असाल तर

युरोपात चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती हॉटेलने द्यावी लागते. दूध, अंडं, शेंगदाणा, मासा, कवचाचे जलचर हे त्यात येतात. कोंबडी-डुक्कर त्यात येत नाही, म्हणून त्या यादीच्या भरवशावर राहू नका. सरळ सांगा: "इक एट खेन व्लेस, खेन व्हिस." मी मांस खात नाही, मासे खात नाही. अंडं चालत नसेल तर "खेन आय" जोडा, कारण इथल्या मनात शाकाहारात अंडं धरलेलंच असतं.

मिळतं काय? कासक्रोकेट, म्हणजे बाहेरून कुरकुरीत आणि आत वितळलेल्या चीजचं क्रोकेट, जवळपास प्रत्येक एटकॅफेत. चीजमध्ये जनावराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट चालत नसेल, तर मात्र विचारणं भाग आहे. पावाच्या दुकानात स्मोस कास मागा: लांब पाव, चीज, सॅलडची पानं, टोमॅटो, काकडी, उकडलेलं अंडं आणि मेयोनीज. हिवाळ्यात व्हिटलोफ ही अंधारात वाढवलेली पांढरी, किंचित कडू भाजी मिळते. तिचा प्रसिद्ध प्रकार हॅममध्ये गुंडाळून चीज-सॉसमध्ये भाजतात, पण हॅमशिवाय करून देणारेही आहेत. आणि एप्रिल ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आलात तर पांढरा शतावर, म्हणजे ॲस्परॅगस, 'फ्लेमिश पद्धतीने' खाल्ल्याशिवाय जाऊ नका. उकडलेला कोवळा शतावर, वर कुस्करलेलं अंडं, पार्सली आणि वितळलेलं लोणी. एवढंच, पण लोण्याचा तो वास बराच काळ लक्षात राहतो. २४ जूनच्या सेंट जॉनच्या दिवशी शतावराचा हंगाम संपल्याचं इथे परंपरेने धरतात.

फ्रीटबद्दल एक गंभीर सूचना. ते दोनदा तळतात: आधी कमी आचेवर आतून शिजेपर्यंत, मग थोडं निववून जास्त आचेवर कुरकुरीत होईपर्यंत. जुन्या पद्धतीत यासाठी गायीची चरबी वापरतात, आणि चांगल्या नावाजलेल्या टपऱ्यांवर आजही ती असते. शाकाहारी माणसाने, किंवा गोमांस न खाणाऱ्याने, "प्लांटार्डिगे ओली?" म्हणजे वनस्पती तेल आहे का, हे विचारूनच घ्यावं. प्रामाणिक उत्तर मिळतं, हा माझा अनुभव आहे. चरबी चालत असेल तर रांगेत उभे राहा आणि नीट बघा: तळणारा जाळी झटकतो, मोठ्या भांड्यात फ्रीट ओततो, मीठ टाकून भांडं असं उडवतो की सगळं एकदा हवेत जाऊन परत येतं, आणि मग कागदाच्या कोनात भरतो. 'क्लाइन' म्हणजे लहान मागवा, ते एका माणसाला पुरून उरतं. सॉसमध्ये मेयोनीज ही इथली रीत. आपल्या जिभेला 'आंदालूझ' किंवा तिखटाकडे झुकणारा 'सामुराई' आवडेल. टपरीवर खाण्याची ही संस्कृती फ्लँडर्सने २०१४ साली आपला अमूर्त वारसा म्हणून नोंदवली, आणि रात्री अकराला रांगेत सूटवाला माणूस आणि रंगारी एकामागे एक उभे दिसले की ते का, हे कळतं.

गेंट: इथे जास्त जेवा

दोन-तीन शहरांत मिळून चार रात्री असतील तर दोन गेंटला ठेवा. ब्रुसेल्सहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या थोडं वर, ब्रुजहून त्याहूनही कमी. हे विद्यार्थ्यांचं, राहत्या माणसांचं शहर आहे, म्हणून जेवण रोजच्या गिऱ्हाइकासाठी शिजतं.

शाकाहारी माणसाला तर गेंटइतकं सोपं शहर फ्लँडर्समध्ये नाही. मे २००९ मध्ये इथे 'डॉन्डरडाख वेखिडाख' सुरू झाला, म्हणजे गुरुवार शाकाहाराचा. शहराच्या प्रशासनाने पाठिंबा दिला, शाळांच्या जेवणातही तो दिवस आला. आपल्याकडे गुरुवार पाळणारी घरं काही कमी नाहीत, त्यामुळे बाबांना ही गोष्ट फारच आवडली. कारणं वेगळी, इथे पर्यावरण आणि आरोग्य, पण वार तोच. त्याचा फायदा सातही दिवस होतो: साध्या एटकॅफेतही एखादा विचार करून केलेला शाकाहारी पदार्थ असतो, नुसती उकडलेली भाजी समोर ठेवत नाहीत.

मांसाहारी माणसाने दोन पदार्थ खावेत. एक गेंटचा वाटरझोई: कोंबडी, लीक, गाजर, सेलरी, बटाटा, आणि साय व अंड्याच्या बलकाने दाट केलेला रस्सा. मुळात तो माशांचा होता, आता कोंबडीचा जास्त दिसतो. तिखट अजिबात नाही, आजारातून उठलेल्या माणसाला द्यावं असं जेवण. बाबांनी पहिल्या घासाला मीठ मागितलं आणि शेवटी पावाने ताट पुसलं. दुसरा स्टोव्हराय: गोमांस, भरपूर कांदा, काळपट बिअर, तेजपान, थाईम, आणि वरून मोहरी लावलेला पावाचा तुकडा, जो शिजताना विरघळून रस दाट करतो. तासन्‌तास मंद आचेवर. मटणाच्या रश्शासारखाच तोही दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो, म्हणून सोमवारी बंद असलेल्या खाणावळीत मंगळवारी तो मागवू नका, बुधवारी-गुरुवारी मागवा. गोमांस खात नसाल तर डुकराच्या गालाच्या मांसाचा असाच प्रकार काही ठिकाणी मिळतो.

कुठे? ग्रास्ले आणि कोरेनले या नदीकाठच्या दोन धक्क्यांवर एक कॉफी प्या, दृश्यासाठी. जेवायला मात्र खाव्हेनस्टेन किल्ल्याच्या मागे पाटरशोल या भागात जा. एकेकाळी कातडं कमावणाऱ्यांची वस्ती, पुढे गरिबीने खंगलेली, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत दुरुस्त होऊन हॉटेलांनी भरलेली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला टेकावं लागतं. रात्री सातला हिंडा, फळे वाचा, आत डोकावा, आणि जिथे डच बोलणं ऐकू येतं तिथे बसा. तिथेही गर्दी वाटली तर विद्यार्थ्यांच्या भागाकडे, म्हणजे सिंट-पीटर्सन्यूस्ट्राट आणि ओव्हरपोर्टच्या बाजूला गेलं की स्वस्त आणि भरपेट मिळतं. चव तिथे दुय्यम असते, हे मान्य करते.

आणि ख्रुंटेनमार्क्ट, म्हणजे भाजीबाजाराचा चौक, सोडू नका. तिथे टीरेनटाइन नावाचं मोहरीचं दुकान आहे, १७९० पासूनच्या घराण्याचं. मोहरी तळघरात तयार होते आणि वर लाकडी पिंपात येते. दुकानातल्या बाई मोठ्या पळीने ती काढतात आणि तुमच्या समोर बरणीत भरतात. आईने झाकण उघडून नुसता वास घेतला आणि डोळे मिटले. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना घरभर जो झणका उठतो, अगदी तो. त्याच चौकात हातगाडीवर जांभळ्या, नाकाच्या आकाराच्या गोळ्या मिळतात, त्यांना 'नेझेकेस' म्हणजे छोटी नाकं म्हणतात. मूळ नाव क्युबरडॉन. बाहेरून कडक, आत रास्पबेरीचा पाक. काहींत डिंक असतो तर काहींत जिलेटिन, म्हणून शाकाहारींनी विचारून घ्यावं.

ब्रुज: संध्याकाळपर्यंत थांबा

ब्रुजची अडचण अशी की दिवसा शहरात राहत्या माणसांपेक्षा पाहुणेच जास्त दिसतात. पाच-साडेपाचला बसगाड्या आणि दिवसाच्या सहली परत जातात आणि शहर मोकळा श्वास घेतं. तेव्हा एक तर रात्री मुक्काम करा, किंवा निदान उशिराची गाडी पकडा. दुपारी चौकात भूक लागलीच तर घंटाघराच्या पायथ्याशी फ्रीटच्या दोन हिरव्या टपऱ्या आहेत; ३६६ पायऱ्या चढून उतरल्यावर तिथलं एक कोन पुरेसं होतं.

रात्रीच्या जेवणासाठी सिंट-आना भागात, लांगेस्ट्राट रस्त्याच्या बाजूला चालत जा, किंवा उत्तरेला एझलस्ट्राटकडे. सिंट-आनात काफे व्हिल्सिंगे आहे, १५१५ सालापासूनचं पेयगृह. मागे झाडांची बाग, साधे पदार्थ, आणि पाचशे वर्षं माणसं बसत आलेली लाकडी बाकं.

ब्रुज समुद्राजवळ, म्हणून इथे मासळी खावी. राखाडी रंगाची छोटी कोळंबी, आपल्या करंदीएवढी, उत्तर समुद्रातली. चव गोडसर आणि खारी. ती सोलायला इतकी किचकट की पकडलेली बरीचशी कोळंबी सोलण्यासाठी मोरोक्कोला पाठवतात आणि परत आणतात. इथेच हाताने सोललेली असेल तर मेनूवर तसं अभिमानाने लिहितात आणि भाव जास्त असतो. तिचं क्रोकेट, म्हणजे खार्नालक्रोकेट, हा माझ्या मते फ्लँडर्समधला सगळ्यात चांगला पदार्थ. दोन येतात, सोबत तळलेली पार्सली आणि लिंबाची फोड. काट्याने मध्ये तोडा: आतलं सारण वाहतं असायला हवं आणि प्रत्येक घासाला कोळंबी दातांखाली यायला हवी. आत नुसताच घट्ट पांढरा सॉस लागला तर ते गोठवलेल्या पाकिटातलं.

शिंपले जुलैपासून पुढे हिवाळाभर चांगले. शेजारच्या नेदरलँड्समधल्या झीलंडहून येतात आणि माणशी किलोभर काळ्या भांड्यात. पहिला शिंपला काट्याने खा, मग त्याचाच रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून बाकीचे काढा. शिजूनही बंद राहिलेला बाजूला ठेवा. कोकणातली माणसं तिसऱ्या खातात तेव्हा रस चोखतात, तसं इथेही तळाचं सेलरी-कांद्याचं पाणी पावाने टिपून खायचं, कोणी वाकडं बघत नाही. आणि 'पालिंग इन ट ख्रून', म्हणजे पालेभाज्यांच्या हिरव्या रसातली वाम, ही मालवणकडच्या माणसाने तरी चाखावीच.

कोळ्यांचा बाजार बघायचा तर व्हिसमार्क्टला बुधवार ते शनिवार सकाळी जा. खांबांची ती मांडणी १८२१ ची आहे.

अँटवर्प: जैन ताट आणि कोशर बेकरी

अँटवर्पला जेवणाचा प्रश्न एका वेगळ्याच कारणाने सुटतो. मध्यवर्ती रेल्वे स्टेशनला लागून हिऱ्यांची पेठ आहे आणि तिथला बराच व्यापार मूळच्या पालनपूरच्या गुजराती जैन कुटुंबांकडे आहे. त्यांचं मुंबई-सुरतशी रोजचं येणं-जाणं. शहराच्या विलरेक भागात त्यांनी संगमरवरी जैन मंदिर बांधलं आहे. साहजिकच पेठेच्या आसपास शुद्ध शाकाहारी आणि कांदा-लसूणविरहित जेवण मिळतं, तेही दुपारी, कामकाजाच्या दिवशी. आजी-आजोबांना घेऊन फिरत असाल आणि चौथ्या दिवशी त्यांना वरण-भाताची आठवण येऊ लागली, तर मुक्काम अँटवर्पला ठेवा. शनिवार-रविवारी पेठ शांत असते, हे लक्षात घ्या.

त्याच वस्तीत मोठा ज्यू समाज राहतो. कोशर, म्हणजे ज्यू धर्मातल्या खाण्याच्या नियमात मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून 'दुधाचं' कोशर ठिकाण असेल तर तिथे मांस नसतंच. मासा असू शकतो, तेवढं विचारा. क्लाइनब्लाट ही १९०३ पासूनची कोशर बेकरी तिथलीच. शुक्रवारी दुपारी लवकर बंद, शनिवारी पूर्ण बंद.

बाकी अँटवर्पमध्ये कॅथेड्रलच्या मागच्या गल्ल्यांत बोलेके मागा, म्हणजे गोल बुडाच्या ग्लासात स्थानिक डे कोनिंक बिअर. पित नसाल तर निदान हाताच्या पंजाच्या आकाराची बदामी बिस्किटं घ्या. राक्षसाचा हात तोडून स्खेल्ड नदीत फेकल्याच्या दंतकथेवरून ती आली आहेत. जानेवारीत आलात तर 'फरलोरेन मानडाख', हरवलेला सोमवार, हा इथला जुना प्रघात आहे: तीन राजांच्या ख्रिस्ती सणानंतरच्या सोमवारी सगळं शहर सॉसेज भरलेला पाव आणि सफरचंद भरलेले गोळे खातं. सफरचंदाचे गोळे शाकाहारी मंडळींसाठी.

लूव्हन आणि मेखेलेन

लूव्हनमध्ये ज्या चौकाला युरोपातला सगळ्यात लांब बार म्हणतात, तो ओउडे मार्क्ट पिण्याचा आहे, जेवणाचा नाही. जेवायला मुंटस्ट्राट, टाउनहॉलमागची हॉटेलांची गल्ली. दुपारचं ताट तिथे परवडतं. विद्यापीठ १४२५ चं, त्यामुळे विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त ठिकाणं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, आणि इथे शिकणारी-काम करणारी मराठी मंडळीही भेटतील.

मेखेलेन ब्रुसेल्स आणि अँटवर्पच्या मधोमध. तिथली जुनी मांसबाजाराची इमारत, व्लेसहाले, आता खाण्याच्या स्टॉलनी भरली आहे. चार जणांच्या चार आवडी असलेलं कुटुंब असेल तर एका छपराखाली सगळ्यांचं भागतं. हेट आंकर ही जुनी ब्रुअरी त्याच शहरातली.

पाणी, बिअर, बिल

नळाचं पाणी पिण्यायोग्य असलं तरी टेबलावर ते आपोआप येत नाही, आणि मागितलं तरी अनेक ठिकाणी देत नाहीत. बाटलीचं घ्यावं लागतं: साधं हवं तर 'प्लाट', बुडबुड्यांचं 'ब्राउस'. हे नियमातलं आहे, त्यावरून वाद घालू नका. पर्समध्ये भरलेली बाटली ठेवा आणि बाहेर पडल्यावर प्या.

बिअर घेत असाल तर मद्यार्काचे टक्के वाचा. पिंच्ये, म्हणजे साधी पाव लिटरची, पाच टक्क्यांची. ट्रिपल नावाच्या कडक बिअर आठ-नऊ टक्क्यांच्या. ब्रुजच्या दे खारे या बोळातल्या कॅफेतली त्यांची स्वतःची ट्रिपल अकरा टक्के. उपाशीपोटी नको, आणि पाठोपाठ दोन तर नकोच. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो, आणि तो स्वच्छ असावा यासाठी वेटर जितकं जपतात ते बघण्यासारखं आहे. बेल्जियमची बिअर संस्कृती युनेस्कोच्या यादीत २०१६ मध्ये आली. ब्रुजच्या हाल्व्हे मान ब्रुअरीने त्याच वर्षी रस्त्यांखालून सुमारे तीन किलोमीटरची नळी टाकली, जुन्या गल्ल्यांतून टँकर जायला नकोत म्हणून.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण जेवून झाल्यावर गिऱ्हाइकाला उठवणं इथे असभ्य समजतात. "दे रेकेनिंग, अलस्तुब्लीफ्त" म्हणा. सेवा आणि कर दरात धरलेले असतात. टिप सक्तीची नाही, आवडलं तर वरचे एक-दोन युरो सोडा. कार्ड सगळीकडे चालायला हवं, २०२२ पासून प्रत्येक व्यावसायिकाला बिनरोखीचा एक तरी पर्याय ठेवावा लागतो. तरी सुट्टी नाणी जवळ असू द्या, कॅफेतल्या स्वच्छतागृहासाठी अर्धा-एक युरो लागतो.

सोबत न्यायचं असेल तर

क्युबरडॉन घ्या ते तिथेच संपवायला. साधारण तीन आठवड्यांत आतला पाक साखरेसारखा घट्ट होतो, म्हणून ती फारशी परदेशी जात नाहीत. चॉकलेट शेवटच्या दिवशी घ्या आणि केबिनच्या बॅगेत ठेवा. मोहरीची बरणी मात्र केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती द्रवात मोजतात. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, कपड्यांच्या मधोमध, मोठ्या बॅगेत. त्यात टिकवण्यासाठी काही घातलेलं नसतं, म्हणून घरी पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये. आईने सांगलीला गेल्यावर त्यातली दोन चमचे मोहरी काकडीच्या कोशिंबिरीत घातली आणि मला फोन करून विचारलं, पुढच्या वेळी येशील तेव्हा मोठी बरणी मिळते का गं. मिळते.